पियानोवर अभिलेखपाल

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी उठलो. सहा वीसला दूध तापवलं, सहा पंचवीसला चहाचं आधण ठेवलं, आणि रोजच्याप्रमाणे त्याच वेळी बायकोने कोमट पाण्याच्या वाडग्यात उजवा हात बुडवला. गेले चार महिने तिची अनामिका रात्रभरात मिटून बसते. सकाळी डाव्या हाताने धरून ती सरळ केली की जुन्या कपाटाचा खटका पडावा तसा आवाज होतो. तो झाला की मी चहात साखर घालतो. आमच्या घरात गजराच्या घड्याळालासुद्धा एवढा मान नाही!

सोमवारी त्या बोटावर शस्त्रक्रिया व्हायची होती.

"किरकोळ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "लिहिता येईल, चिरता-कापता येईल. मात्र बोट पूर्वीच्या वेगाने पळेल, असा शब्द मी देत नाही."

त्यावर हिने विचारलं होतं, "आणि सोमवारपर्यंत? तोवर पळवलं तर चालेल?"

ही शाळेत भूगोल शिकवते. मला वाटलं, सहामाहीचे पेपर तपासायचे राहिले असतील.

"अहो," वाडग्यातून हात न काढता ती म्हणाली, "आज संध्याकाळी जॅझ ऐकायला जाऊ या."

माझ्या हातातलं गाळणं कपावर थांबलं. बत्तीस वर्षांच्या संसारात हिने माझ्याकडे पडदे मागितले, मिक्सर मागितला, एकदा रागाच्या भरात स्वतंत्र कपाट मागितलं. पण जॅझ कधी मागितलं नव्हतं.

"जॅझ म्हणजे ते... आधी न ठरवता वाजवतात ते?"

"थोडं ठरवून. बाकीचं तिथल्या तिथे."

"म्हणजे आमच्या खात्याच्या बैठकीसारखं!"

"तुमच्या बैठकीत कोणी दुसऱ्याचं ऐकतं का?" तिने विचारलं, आणि हात पुसायला उठली.

मी जिज्ञासू माणूस आहे. न ठरवता वाजवायचं, आणि तरीही एकमेकांचं ऐकायचं? ही कार्यपद्धती प्रत्यक्ष पाहण्यासारखी होती. "सगळं माझ्यावर सोड!" मी जाहीर केलं. आणि का करू नये? मी पाणीपुरवठा खात्यात अभिलेखपाल आहे. शहराच्या पोटात कुठे कोणती नळवाहिनी गेली आहे, याचा कुठलाही नकाशा चार मिनिटांत काढून देतो. त्या माणसाला एक संध्याकाळ नीट काढून देणं काय जड जाणार होतं? दुपारपर्यंत माझा आराखडा तयार झाला. एकाच रस्त्यावर तीन जॅझ क्लब होते. पहिला शिंप्याच्या दुकानाखालच्या तळघरात, दुसरा सायकलच्या दुकानाच्या माडीवर, तिसरा छापखान्याच्या मागे. आधी पायऱ्या उतरायच्या, मग चढायच्या, शेवटी सपाटीवर बसायचं. गुडघ्यांचासुद्धा विचार केलेला होता!

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून टाकतो. मला ती रात्री सव्वानऊला, भर गर्दीत कळली; तुम्हाला तेवढं ताटकळत ठेवण्याचं कारण नाही. माझी बायको त्या संध्याकाळी जॅझ ऐकायला निघालीच नव्हती. ती वाजवायला निघाली होती. लहानपणी शेजारच्या बाईंकडे ती आठ वर्षं पियानो शिकली होती. लग्नानंतर घरात पियानो नव्हता, म्हणून विषय नव्हता. गेली तीन वर्षं दर मंगळवारी आणि गुरुवारी ती "जादा तास" घेत होती, तो शाळेच्या सभागृहातल्या पियानोवर, स्वतःचाच. आणि त्या बोटाला पुन्हा पळता येईल की नाही कोण जाणे, म्हणून सोमवारच्या आत एकदा, एकच गाणं, खऱ्या वादकांच्या सोबतीने वाजवायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. शनिवारी या क्लबांमध्ये पाहुण्या वादकांना वाजवू देतात. प्रत्येक वाद्याला रात्रीतून एकच पाहुणा.

हे तिने मला का सांगितलं नाही? मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही फाईल उघडली असती."

संध्याकाळी सात वाजता आम्ही तळघरात उतरलो. दाराशी एका उंच स्टुलावर वही उघडी ठेवली होती, दोरीने बांधलेलं पेन होतं, आणि तिथे बसणारा माणूस ड्रमचं मोठं पिंप आत न्यायला गेला होता. माझ्या डोळ्यांदेखत पाच-सहा जण त्या वहीकडे ढुंकूनही न पाहता आत गेले! मला राहवेना. गेली तीस वर्षं मी कुठल्याही इमारतीत अभ्यागतांच्या वहीत सही केल्याशिवाय पाऊल टाकलेलं नाही. दवाखान्यातसुद्धा आधी सही आणि मग कळ. वहीत तीन रकाने होते: अनुक्रमांक, नाव, वाद्य. वर शीर्षक नव्हतं. वहीचं शीर्षक मुखपृष्ठावर असतं, आणि मुखपृष्ठ मागे दुमडलेलं होतं. सभागृहात पन्नास माणसं आणि वहीत नोंदी दोन! एक सॅक्सोफोन, एक ड्रम.

'वाद्य' या रकान्याने मी क्षणभर अडखळलो. मग उलगडा झाला. ज्याला जे ऐकायचं असेल, त्याला त्या वाद्याच्या जवळची जागा देत असणार! किती शास्त्रशुद्ध!

ही खुंटीवर कोट अडकवत होती. "अगं, तुला कोणतं वाद्य?"

"पियानो," ती पाठमोरीच, पण याच प्रश्नाची वाट पाहत असावी तशी पटकन म्हणाली.

मी लिहिलं: अनुक्रमांक तीन. नाव: अभिलेखपाल, कारण हुद्द्याने सही करणं ही माझी सवय. वाद्य: पियानो. आणि खाली रेघ ओढून, दोन टिंबं देऊन टेबल धरायला आत गेलो.

पहिली चीज सुरू झाली आणि मी खुर्चीच्या कडेला आलो. आधी चौघांनी मिळून एक साधी चाल वाजवली. मग सॅक्सोफोनवाला ती घेऊन एकटाच निघाला. इतका लांब गेला, इतक्या आडवळणांनी, की हा आता परत येत नाही अशी माझी खात्री झाली. बाकीचे तिघे मात्र निर्धास्त, जणू पोरगं शाळेतून वेळेवर येतंच! आणि तो आला. बरोब्बर त्याच दाराने आला. लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या. चीज संपायच्या आधी टाळ्या! पुढच्या वेळी मीही मध्येच वाजवल्या, पण तेव्हा मी एकटाच निघालो.

तेवढ्यात ही दाराशी जाऊन, स्टुलावर परतलेल्या त्या वहीवाल्याशी काहीतरी बोलून आली. चेहरा पार उतरलेला.

"काय झालं?"

"काही नाही. इथे नको. पुढच्या क्लबात जाऊ."

"अगं, आत्ता कुठे तो परत आलाय!"

"चला ना!"

ती भराभर जिना चढून रस्त्यावर पोचली. मी छत्री घेऊन मागून चढत होतो, तोच आतून मोठ्याने पुकारा झाला: "अभिलेखपाल! अभिलेखपाल आहेत का?"

हजेरीही घेतात! माझा ऊर भरून आला. "हजर!" मी जिन्यावरूनच खणखणीत ओ दिली आणि बाहेर पडलो. मागे एकदम हशा आणि टाळ्या झाल्या. रसिक लोक, असं मी मनात म्हटलं.

सायकलच्या दुकानाशेजारच्या जिन्याला सव्वीस पायऱ्या होत्या. ही मध्यावर थांबली, उजवा हात डाव्या बगलेत धरून ऊब देत. "तू ये हळूहळू," मी म्हणालो आणि पुढे गेलो. वर तशीच वही, तसंच पेन, तीच बेशिस्त. मी अर्ध्या मिनिटात नोंद उरकली: अभिलेखपाल, पियानो. ही वर आली, मला आत पाठवलं, दाराशी काहीतरी विचारलं, आणि आत येऊन माझ्यासमोर अशी बसली की निकालाच्या दिवशी तिचे विद्यार्थीसुद्धा इतके खचलेले नसतील.

"पियानो नीट ऐकू येत नाही का इथून?" मी विचारलं.

"ऐकू येतो," ती म्हणाली. "ऐकूच येतो नुसता."

मी गोंधळलो. ती टेबलाखाली ते बोट चोळत होती. दुखतंय? मग घरी का जायचं म्हणत नाही? संगीत आवडत नाही? मग पियानोवाल्याकडे टक लावून का पाहते? एवढा विसंगत अहवाल माझ्या हाती कधी आला नव्हता.

शेजारच्या टेबलावर तोवर एक दांपत्य धापा टाकत येऊन बसलं होतं. बाई नवऱ्याला सांगत होत्या, "इथेसुद्धा नाव आहे त्यांचं! अभिलेखपाल!"

"कोण हे? कधी ऐकलं नाही."

"अहो, तळघरातल्या क्लबात त्यांना पुकारलं, तर जिन्यावरून नुसतं 'हजर' म्हणाले आणि निघून गेले! न वाजवता! सॅक्सोफोनवाला म्हणाला, असं करायला फार मोठा माणूस लागतो."

मी कान टवकारले. शहरात आणखी एक अभिलेखपाल होता, आणि तो पियानो वाजवत होता! बहुतेक जमीनमोजणी खात्याचा. त्या लोकांना काम कमी असतं. खरं सांगतो, मला हेवा वाटला. 'हजर' हा योगायोग जरा चमत्कारिक होता, पण आमच्या सेवेत सगळेच तसं म्हणतात.

"तिसऱ्या क्लबात जाऊ!" मी उठलोच. "तिथे तो येईल!"

"कोण?"

"चल तर!"

हिलाही तेच हवं होतं. छापखान्याच्या बोळात शिरल्यावर तिने चाल इतकी वाढवली की मी चकित झालो. एवढ्या ओढीने तिला पळताना पाहून माझं मन द्रवलं. हिला कशाला धावायला लावायचं?

"तू सावकाश ये! मी पुढे जाऊन वहीत लिहितो!"

ती जागच्या जागी थांबली. "वहीत? तुम्ही लिहिता?"

"मग! पियानोच ना?"

"तुम्हाला... तुम्हाला कसं कळलं?"

"तीस वर्षं नोकरी केली ती काय उगीच?" मी पळता पळता म्हणालो.

नोंद केली आणि मागे वळून पाहिलं. ती दिव्याखाली उभी होती आणि हसत होती. आत बसल्यावर तिने कॉफी मागवली, प्यायली नाही. कपाभोवती दोन्ही हात धरून बसली. "नक्की लिहिलंत ना?" तिने दोनदा विचारलं. "व्यवस्थित, सुवाच्य!" मी दोनदा सांगितलं. मग तिने टेबलावरून माझा हात हलकेच दाबला. मला वाटलं, आयोजन असावं तर असं!

क्लब खचाखच भरला. तळघरातली मंडळी आली, माडीवरची आली. काही जण भिंतीला टेकून उभे राहिले. मी माझ्या त्या जमीनमोजणीवाल्याला गर्दीत शोधत होतो. एवढ्यात इथला सॅक्सोफोनवाला पुढे आला. हा बसका, टकला, हसऱ्या डोळ्यांचा होता.

"मंडळी! आज ज्यांनी दोन क्लबांना हुलकावणी दिली, ते शेवटी आपल्याकडे आलेत. पियानोवर, अभिलेखपाल!"

छप्पर उडेल अशा टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हात थांबले ते बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून.

"तुमचं नाव लिहिलंत?" ती म्हणाली. "माझं नाही?"

"तुझं? अभ्यागतांच्या वहीत एका कुटुंबाला एक नोंद पुरते."

"अभ्यागतांची नाही हो ती! वाजवणाऱ्यांची आहे! रात्रीतून पियानोची एकच जागा असते. मी दोन्हीकडे विचारलं, दोन्हीकडे जागा गेलेली..." तिने दाराशी ठेवलेल्या वहीकडे पाहिलं. मग फार हळू म्हणाली, "तिन्हीकडे तुम्हीच होतात."

"पण तू कशाला... तुला येतं?"

"सोमवारी ऑपरेशन आहे," एवढंच ती म्हणाली. आणि बत्तीस वर्षांत जे शोधता आलं नव्हतं, ते चार सेकंदांत मला सापडलं: जादा तास, डॉक्टरीणबाईंना विचारलेला प्रश्न, बगलेतला हात, सगळं.

मला बोलायचं होतं, पण तोवर दोघांनी मला काखेत हात घालून उचललं होतं. "लाजू नका, साहेब!" "किती वाट पाहायला लावणार?" खाडकन मी पियानोच्या बाकावर आलो. समोर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एवढी लांब रांग, आणि वर्णानुक्रम कुठेच नाही!

"कोणत्या पट्टीत घेऊ या?" सॅक्सोफोनवाल्याने वाकून विचारलं.

"तुमच्या... सोयीने."

तो बेस वाजवणाऱ्या बाईंकडे पाहून म्हणाला, "ऐकलंत? आपल्या सोयीने!" बेसवाल्या बाई पांढऱ्या केसांच्या, आपल्या माणसाएवढ्या वाद्याला वृद्ध नवऱ्यासारखं सांभाळून धरणाऱ्या. त्यांनी भुवई उंचावली आणि सुरुवात केली.

मी दोन्ही हात पट्ट्यांच्या वर धरले आणि तसेच धरून ठेवले. काय करणार? चुकीचा दस्तऐवज देण्यापेक्षा न देणं बरं, हे आमच्या प्रशिक्षणातच आहे. ड्रम चालू झाला, सॅक्सोफोन चालू झाला, मी नाही. पहिल्या रांगेतून कोणीतरी कुजबुजलं, "केवढा संयम!" चाल एकदा फिरून आली, मी नाही. "रिकामी जागा कशी सोडतायत बघा!" घाम पुसायला मी रुमाल काढला, तर कोपर पट्ट्यांवर आपटलं. धडाम्! आणि संपूर्ण क्लबने उभं राहून टाळ्या वाजवल्या!

त्या टाळ्यांमधून मी बायकोकडे पाहिलं. ती एकटीच बसलेली होती. तिची नजर माझ्याकडे नव्हतीच. ती टेबलाकडे पाहत होती, आणि तिची दहाही बोटं टेबलाच्या लाकडावर चालत होती. बेसच्या तालाबरोबर, सॅक्सोफोनने सोडलेल्या नेमक्या जागांमध्ये. अनामिकासुद्धा. मला संगीतातलं काही कळत नाही. पण काम येणारा हात मी ओळखतो.

मी उठलो. वाजणं थांबलं.

"माझी नोंद चुकीची आहे," मी म्हणालो. आवाज अगदी कार्यालयीन निघाला. "मला पियानो येत नाही. ही जागा त्या बाईंची आहे. माझ्या बायकोची."

लोक खो खो हसले. "केवढा विनय!" कोणीतरी ओरडलं.

सॅक्सोफोनवाल्याने डोकं खाजवलं. "साहेब, आमचा नियम आहे. वहीत ज्याचं नाव, तोच वाजवणार. बदली चालत नाही. नाहीतर बाहेर रांग लागेल हो!"

"नियम वहीचा आहे ना?" बेसवाल्या बाई पहिल्यांदाच बोलल्या. "मग वहीतच बघा की काय होतं ते." आणि थेट माझ्या बायकोकडे पाहून म्हणाल्या, "बाई, तुम्ही या तोवर. बाक गार पडेल."

बायको हलली नाही. मी खाली उतरून तिच्यापाशी गेलो. तिच्या मांडीवरची पर्स उचलून मी माझ्या खांद्याला लावली, आणि खुर्ची मागे ओढली.

"चुकलं तर?" ती म्हणाली.

"माझ्या कोपरापेक्षा चुकणार नाही."

ती उठली.

मी दाराशी गेलो. आता मुखपृष्ठ उलटून पाहिलं. 'आज वाजवणारे पाहुणे', असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. दोरीचं पेन घेतलं. माझ्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारली, मूळ मजकूर वाचता येईल अशी. खोडाखोड करत नाहीत. शेजारी तारीख, सही, आणि दुरुस्तीचं कारण: नोंद करणाऱ्याचे अज्ञान. खाली नवी ओळ. सवयीने 'अभिलेखपाल यांच्या' एवढं लिहून गेलो, थांबलो, तेही रेघेने कापलं, आणि तिचं स्वतःचं नाव लिहिलं. मग वही सॅक्सोफोनवाल्याला उंच धरून दाखवली. त्याने वाचली, मान डोलावली.

ती सुरू झाली होती. पहिल्यांदा दबकत, दाराशी चपला काढून आत यावं तशी. मग तीही त्या सॅक्सोफोनवाल्यासारखी एकटी निघाली, आडवळणं घेत. सगळं सुरळीत चाललेलं असताना एका चढावर तिचा उजवा हात अडकला. अनामिका मिटली. मला ते लगेच कळलं, कारण तो खटका मी रोज ऐकतो. बेसवाल्या बाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि पुढे न जाता तेच चार ठोके पुन्हा वाजवले. पुन्हा तेच चार. पुन्हा. ड्रमवालाही त्यांच्याबरोबर तिथेच थांबून राहिला. तिने डाव्या हाताने बोट सोडवलं आणि पाचव्या वेळी जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं. लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या. या वेळी मी एकटा नव्हतो.

दाराजवळचा माणूस वही वाचत माझ्या शेजारी उभा होता.

"म्हणजे काका, तुम्हाला खरंच वाजवता येत नाही?"

"नाही."

"पण ते मघाचं, कोपराचं. ते फार आवडलं मला. कुठे शिकलात?"

मी वहीतल्या दुरुस्तीच्या कारणावर बोट ठेवून दाखवलं, आणि पर्स सांभाळत तिथेच उभा राहिलो. आतून "आणखी एक! आणखी एक!" असा ओरडा सुरू झाला होता. ती मान वर करून मला शोधत होती, वाजवू का, अशा नजरेने. मी त्या माणसाच्या हातून वही परत घेतली, आणि तिच्या नावासमोर आणखी एका गाण्याची नोंद केली.